कोंकण किनाऱ्यावरील लारी : संग्रह व वाचन

चौल बंदराचा इतिहास अभ्यासणारास नाण्यांचा जो पुरावा उपयोगी पडतो, त्यांत लारी हें रुप्याचें नाणें सर्वांत चमत्कारिक होय. तें वाटोळें नाहीं, चौकोनीहि नाहीं. रुप्याची बोटभर तार मधोमध दुमडून तिच्या दोन्ही अंगांवर छाप मारला कीं लारी तयार होते. वजन सुमारें पावणेपांच ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें जवळजवळ पांच मासे. रुपें बहुधा उत्तम असे. म्हणूनच व्यापारी तें डोळे मिटून घेत, व म्हणूनच पुढें तें सोनाराच्या मुशींतहि लवकर गेलें.

नांव इराणांतील लार शहरावरून पडलें. तेथील नाणें होर्मुझच्या मार्गानें घोडे व इतर माल ह्यांच्या व्यापाराबरोबर आमच्या बंदरांत आलें, आणि पुढें येथील सत्ताधीशांनीहि त्या घाटाचें नाणें पाडलें. इ. स. १६३६ च्या तहानें निजामशाही कोंकण विजापुराकडे गेलें. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या (इ. स. १६५६–१६७२) नांवाच्या लाऱ्या आज संग्राहकांस विशेष हव्या असतात. त्यांचा विचार रेव्हरंड टेलर ह्यांनीं इ. स. १९१० मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत केला आहे.

आतां मुख्य मुद्दा. छापाचा ठसा रुंद व तार अरुंद, त्यामुळें एका लारीवर लेखाची एखादीच पट्टी उमटते. कोठें बादशहाच्या नांवाचीं चार अक्षरें, कोठें सनाचे दोनच आंकडे. एका लारीवर तुटलेलें अक्षर दुसरीवर पुरें होतें. सारांश, एकटी लारी मुकी असते. दहावीस एकत्र ठेवल्या म्हणजे बोलूं लागतात. आणि सन लागणें ही किरकोळ गोष्ट नव्हे. हिजरी १०७१ म्हणजे इ. स. १६६०–६१. अफझलखानाचा वध इ. स. १६५९ चा, त्या सुमारास कोंकणांतील ठाणीं शिवाजीमहाराजांकडे जात होतीं. अशा काळांत एका आंकड्याच्या फरकानें नाणें कोणाच्या अमलांतलें, हा निर्णय बदलतो.

म्हणून घागरींत सांपडलेल्या लाऱ्या चार घरीं वाटल्या गेल्या, तर नुकसान रुप्याचें नव्हे, लेखाचें होतें. संग्राहकांस आमची विनंती इतकीच : तार सरळ करूं नये, चिंचेनें वा तेजाबानें उजळूं नये, प्रत्येकीचें वजन घ्यावें, दोन्ही बाजूंचे ठसे कागदावर उतरावेत, आणि गांव, शेत व सोबत सांपडलेलीं इतर नाणीं ह्यांची नोंद त्याच दिवशीं करावी. भूमिगत द्रव्यासंबंधीं इ. स. १८७८ च्या कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास कलेक्टरास कळविणें बंधनकारक आहे; आणि इ. स. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनें नाणें खाजगी मनुष्यास परदेशीं पाठवितां येत नाहीं. हे नियम जाचक वाटले तरी त्यांच्यामुळें निधि एके ठिकाणीं राहण्याची आशा असते.

संग्रहाची श्रीमंती नगांच्या संख्येवर नसून नोंदीच्या खरेपणावर आहे. नोंद नसलेली लारी म्हणजे शेवटीं पांच मासे रुपेंच.