निकट पुष्पछायाचित्रण

निकट पुष्पछायाचित्रण : फुलाच्या अगदी जवळ जाऊन त्याचे वा त्याच्या एखाद्या भागाचे मोठ्या प्रमाणातील छायाचित्र घेण्याची पद्धती. हे काम मुख्यतः घरच्या बागेत वा गच्चीवरील कुंड्यांपाशी चालते. फुलाची कळी केव्हा धरली व ते केव्हा उमलणार हे रोज पाहणाऱ्यालाच ठाऊक असते आणि छायाचित्र बिघडल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करता येतो, हे त्याचे कारण होय.

फिल्मवरील अथवा संवेदकावरील प्रतिमेची लांबी व प्रत्यक्ष वस्तूची लांबी यांच्या गुणोत्तरास विवर्धन म्हणतात. विवर्धन सु. १/१० ते १ असल्यास निकट छायाचित्रण व १ ते सु. १० असल्यास मॅक्रो छायाचित्रण अशी वर्गवारी करतात. त्यापुढे सूक्ष्मदर्शकाचे क्षेत्र सुरू होते. व्यवहारात मात्र दोहोंनाही ‘मॅक्रो’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ३६ × २४ मिमी.च्या चौकटीत सु. १० सेंमी. व्यासाचे जास्वंदीचे फूल पुरते बसविण्यास १/४ पेक्षा किंचित कमी विवर्धन पुरते. तुळशीच्या मंजिरीतील एकच फूल चौकटभर दाखवावयाचे झाल्यास मात्र १ च्या बरेच पुढे जावे लागते.

छायाचित्रणाच्या आरंभापासून वनस्पती हा आवडीचा विषय आहे. वनस्पती वाऱ्याखेरीज हलत नाहीत व दीर्घ उद्‌भासनास त्यांची हरकत नसते. जर्मनीतील कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५–१९३२) या कलाशिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्याने वनस्पतींच्या भागांची ३० पटींपर्यंत वाढविलेली चित्रे घेतली. ती १९२८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील पर्सी स्मिथ (१८८०–१९४५) यांनी फुले उमलण्याची क्रिया दाखविणारा द बर्थ ऑफ अ फ्लॉवर हा चित्रपट १९१० मध्ये तयार केला. ठराविक कालांतराने एकेक चौकट घेऊन ती मंद क्रिया त्यांनी काही सेकंदांत दाखविली. घरच्या बागेच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय काम अमेरिकन छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम (१८८३–१९७६) यांचे आहे. तीन लहान मुलांच्या संगोपनामुळे त्यांना १९२० नंतरच्या दशकात घराबाहेर फारसे पडता येत नव्हते. त्या काळात कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील आपल्या बागेतील फुलांची त्यांनी जी चित्रे घेतली, त्यांतील मॅग्नोलियाचे चित्र (सु. १९२५) जगप्रसिद्ध झाले. त्याच्या चौकटीत पाकळ्यांचा पूर्ण आकार मावत नाही. लक्ष मधल्या पुंकेसर-किंजमंडलावर खिळते.

उपकरणे : फूल भिंगाजवळ आले की, त्याची प्रतिमा भिंगापासून दूर सरकते, म्हणून भिंग व फिल्म यांतील अंतर वाढवावे लागते. विवर्धन १ असताना वस्तू व प्रतिमा दोन्ही भिंगापासून केंद्रांतराच्या दुप्पट अंतरावर असतात. ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगामागे २५ मिमी.ची पोकळ नळी बसविल्यास विवर्धन १/२ व ५० मिमी.ची बसविल्यास १ मिळते. नळीऐवजी भात्याचाही उपयोग करतात. याहून स्वस्त उपाय म्हणजे मूळ भिंगापुढे चष्म्याच्या काचेसारखे बहिर्गोल पूरक भिंग लावणे. मूळ भिंग अनंत अंतरावर ठेवून +२ डायॉप्टरचे पूरक भिंग लावल्यास ५० सेंमी. व +४ चे लावल्यास २५ सेंमी. अंतरावरील फूल रेखीव दिसते; प्रतिमेच्या कडा मात्र काहीशा मऊ पडतात. खास या कामासाठी घडविलेले, ३५ मिमी. कॅमेऱ्याचे पहिले भिंग म्हणजे हाइन्झ किलफिट यांचे माक्रो-किलार (१९५५) असे सामान्यतः मानतात. भिंग निवडताना केंद्रांतराकडे लक्ष द्यावे लागते. साध्या भिंगाच्या हिशोबाने विवर्धन १ साठी ५० मिमी. भिंग फुलापासून १० सेंमी.वर, तर १०० मिमी. भिंग २० सेंमी.वर येते. पहिल्याची सावली फुलावर पडते व फुलावर बसलेली मधमाशी उडून जाते.

भिंग पुढे सरकल्याने प्रकाशही क्षीण होतो. भिंगावर कोरलेला छिद्रांक एक अधिक विवर्धनाने गुणिला असता प्रत्यक्ष छिद्रांक मिळतो. विवर्धन १ असताना एफ/८ हा वस्तुतः एफ/१६ होतो व प्रकाश एक-चतुर्थांश राहतो. भिंगातून आलेलाच प्रकाश मोजणाऱ्या कॅमेऱ्यात ही दुरुस्ती आपोआप होते. हाती धरावयाच्या प्रकाशमापकाने काम करणाऱ्याला ती लक्षात ठेवून करावी लागते.

क्षेत्राची खोली : या प्रकारच्या छायाचित्रणातील खरी अडचण हीच आहे. ज्या अंतरावर भिंग जुळविले असेल, त्याच्या पुढेमागे वस्तूचा जेवढा पट्टा डोळ्याला रेखीव वाटतो, त्यास क्षेत्राची खोली म्हणतात. छिद्रांक ८ असताना ३५ मिमी. कॅमेऱ्यात (अस्पष्टतेच्या वर्तुळाचा व्यास ०·०३ मिमी. धरल्यास) ती विवर्धन १/१० ला सु. ५३ मिमी., १/२ ला सु. ३ मिमी. व १ ला जेमतेम १ मिमी. भरते. जास्वंदीत याचा पुरता प्रत्यय येतो. तिची केसरनलिका पाकळ्यांच्या बाहेर कित्येक सेंमी. येते आणि तिच्या टोकाला पाच किंजल्क असतात. फुलाकडे समोरून पाहिल्यास किंजल्क रेखीव व पाकळ्यांचा तळ धूसर, किंवा उलट, असे दोनच पर्याय उरतात. छिद्र लहान केल्याने खोली वाढते हे खरे. पण विवर्धन १ असताना एफ/१६ वर प्रत्यक्ष छिद्रांक ३२ होतो आणि विवर्तनामुळे एका बिंदूची प्रतिमाच सु. ०·०४ मिमी. व्यासाची तबकडी बनते. म्हणजे खोली वाढविण्याच्या नादात संपूर्ण चित्रच मंद होते. यावरील जुना व आजही उपयुक्त उपाय कॅमेऱ्याची जागा बदलणे हा आहे. बाजूने चित्र घेतल्यास केसरनलिका फिल्मच्या समांतर येते व परागकोशांपासून किंजल्कांपर्यंत सर्व भाग एकाच पातळीत सापडतात. अंकीय तंत्रामुळे दुसरा मार्ग खुला झाला. भिंगाची जुळणी थोडी थोडी बदलत अनेक चित्रे घ्यावयाची व त्यांतील रेखीव भाग संगणकाने एकत्र करावयाचे. विवर्धन १/२ असताना ३ सेंमी. खोलीसाठी एकमेकांवर थोडी चढणारी सु. १५ चित्रे लागतात. त्या अवधीत फूल हलता कामा नये, ही अट बागेत फार कठीण ठरते.

वारा किती बाधतो याची साध्या गणिताने कल्पना येते. फूल सेकंदास १० मिमी. वेगाने डोलत असेल, तर विवर्धन १ असताना १/६० सेकंदात प्रतिमा सु. ०·१७ मिमी. सरकते, हे अंतर मान्य अस्पष्टतेच्या पाचपटींहून अधिक आहे. १/१,००० सेकंदाच्या क्षणदीप्तीत ते ०·०१ मिमी. उरते. क्षणदीप्ती पातळ कागदाआडून व बाजूने सोडल्यास पाकळीचा पोत टिकतो. समोरून सोडल्यास मागची बाग काळी पडते व दिवसाचे फूल रात्रीचे वाटू लागते. झुळूक सहसा पहाटे नसते, म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम समजला जातो. तथापि सर्व फुलांना हे वेळापत्रक मान्य नाही. पारिजातकाची फुले रात्री उमलून पहाटे गळतात. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. कुंडीत लावले जाणारे, ब्रह्मकमळ या नावाने परिचित असलेले निवडुंगाचे फूल (हिमालयातील खरे ब्रह्मकमळ निराळे) रात्री उमलते व सकाळपर्यंत मिटते.

रंग : लाल रंगास असंवेदी असलेल्या जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक पायसावर लाल गुलाब जवळजवळ काळा उमटे. सर्व रंगांस संवेदी अशा पॅनक्रोमॅटिक पायसावर लाल फूल व हिरवे पान एकाच करड्या छटेत मिसळत, म्हणून तांबडी अथवा हिरवी गाळणी लावून त्यांतील भेद दाखवीत. रंगीत फिल्ममुळे सर्व प्रश्न सुटले, असे नाही. अजेरॅटम व निळी मॉर्निंग ग्लोरी यांची फुले रंगीत फिल्मवर गुलाबी उमटत. ही फुले वर्णपटाच्या दूरच्या तांबड्या टोकाचा प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. डोळा तेथे जवळजवळ आंधळा असतो, फिल्मचा लाल थर मात्र नसतो. अंकीय कॅमेऱ्यातील अवरक्त-रोधक गाळणीने हा दोष कमी होतो. त्याऐवजी लाल जास्वंदीचा प्रश्न उद्‌भवतो : सरासरी प्रकाश योग्य असूनही संवेदकाची लाल वाहिनी तेवढी भरून वाहते आणि पाकळीवरील शिरा नाहीशा होऊन सपाट लाल डाग उरतो. अशा वेळी उद्‌भासन कमी करावे लागते. मोगरा, अनंत, तगर यांबाबत उलट घडते. परावर्तित प्रकाश मोजणारा प्रकाशमापक चौकटीतील सर्व काही मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो, म्हणून पांढरे फूल मळकट उमटते. ते टाळण्यासाठी उद्‌भासन साधारणपणे दुपटीपर्यंत, क्वचित तिपटीपर्यंत वाढवितात. मधमाशीला जंबुपार प्रकाश दिसतो. त्या प्रकाशात घेतलेल्या चित्रात सूर्यफुलाच्या पिवळ्या पाकळ्यांचा आतील भाग गडद दिसतो. मानवी डोळ्याला ही खूण दिसत नाही.

चित्र आणि नोंद : दवबिंदूंऐवजी ग्लिसरिनमिश्रित पाणी शिंपडणे, मागे रंगीत पुठ्ठा धरणे इ. युक्त्या सजावटीच्या चित्रात खपतात. अभ्यासाच्या चित्रात त्या दिशाभूल करतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग छायाचित्र स्पर्धांच्या सर्वमान्य व्याख्येनुसार लागवडीच्या व संकरित वनस्पतींची चित्रे निसर्ग विभागात मुळीच ग्राह्य नसतात, त्यामुळे बागेतील गुलाबाला तेथे जागा नाही, त्याच्या कुंडीत आपोआप उगवलेल्या तणाला मात्र आहे. वनस्पतिसंग्रहात वाळविलेल्या नमुन्याचा रंग व आकार बदलतो. तो उणेपणा निकट छायाचित्र भरून काढते. परंतु केवळ समोरून घेतलेल्या देखण्या चित्रावरून जाती ओळखणे बहुधा अशक्य असते. त्यासाठी फुलाचा मागील भाग व संवर्त, देठ, पानांची मांडणी, पानाची दोन्ही अंगे व शक्य असल्यास उभे चिरलेले फूल यांची चित्रे घेतात आणि प्रत्येकात मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवतात.