जुनी बॅटरी पुन्हा कार्यक्षम होऊ शकते काय?

सन २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातील अनेक घरांत इन्व्हर्टर आला. काही वर्षांनी त्याची बॅटरी उतरू लागते. दोन तास चालणारा पंखा वीस मिनिटांत थांबतो आणि कुटुंबापुढे नव्या खर्चाचा प्रश्न उभा राहतो. अशी प्रत्येक बॅटरी भंगारात घालण्याच्याच योग्यतेची असते असे नाही. तथापि, प्रत्येक बॅटरी पुन्हा कामास येते, हाही गैरसमजच होय.

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ साली शिसे-आम्ल बॅटरी तयार केली. तिचे मूलतत्त्व आजही तेच आहे. एका प्लेटवर शिसे, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड आणि भोवती सौम्य गंधकाम्ल. वीज वापरली जाते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. चार्जिंग करताना हीच क्रिया उलट घडते. मात्र बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या स्थितीत राहिल्यास सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात. सुट्टीत महिनाभर मेन स्विच बंद, पण इन्व्हर्टर चालूच, अशा घरांत हे हमखास घडते.

अशा वेळी "जुने ॲसिड काढून नवे भरा" असा सल्ला दिला जातो. तो चुकीचा आहे. आम्ल संपलेले नसते, ते प्लेटांवरील सल्फेटमध्ये अडकलेले असते. नवे आम्ल घातल्यास मापन काही काळ चांगले दिसते. पुढे चार्जिंग होताच आम्ल प्रमाणाबाहेर तीव्र होऊन प्लेटा झिजतात. शिवाय बॅटरी उलटी केली की तळाचा गाळ प्लेटांमध्ये अडकून शॉर्ट होण्याचा धोका असतो. एप्सम सॉल्टचा बराच बोलबाला आहे, पण त्यानेही टिकाऊ लाभ होत नाही.

खरा उपाय सावकाश चार्जिंगचा. उघड्या पडलेल्या प्लेटा बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. पातळी चार्जिंगनंतर पूर्ण करावी. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ७ ते ८ अँपिअर प्रवाह पुरेसा असतो. घरच्या इन्व्हर्टरमध्ये प्रवाह असा नियंत्रित करता येत नसल्यास बॅटरी दुरुस्तीच्या दुकानातून हे काम करून घेणे श्रेयस्कर. बॅटरी हाताला फार गरम लागल्यास चार्जिंग थांबवावे. या कामास एक-दोन दिवसही लागतात. हायड्रोमीटरने सहाही घट तपासावेत. सर्वांचे विशिष्ट गुरुत्व हळूहळू १.२४० च्या आसपास पोहोचले, तर श्रम सार्थकी लागले. पाच घट वर येऊन एकच ०.०५० हून अधिक मागे राहिला, तर तो घट बिघडला असे समजावे. तेथे पुढील खर्च व्यर्थ होय. सीलबंद बॅटरीवर हे प्रयोग करू नयेत.

चार्जिंगच्या वेळी ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. जिन्याखाली, देवघराशेजारी बॅटरी ठेवणाऱ्यांनी समई व उदबत्ती त्या वेळी दूर ठेवावी, खिडक्या उघडाव्यात. चष्मा व रबरी हातमोजे आवश्यकच. आम्ल डोळ्यांत उडाल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तात्काळ डॉक्टरांकडे जावे.

निकामी बॅटरीतील आम्ल गटारात ओतू नये, शिसेही घरी वितळवू नये. शिशाची बाधा लहान मुलांना सर्वाधिक होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे दिल्यास किमतीत सूटही मिळते.