हैदराबादची ‘पोलीस ॲक्शन’

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आणि त्याच वेळी इतर दिशांनीही हैदराबाद संस्थानात शिरले व 17 तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. रणगाडे आणि विमाने वापरलेल्या या मोहिमेला लष्कराने ‘ऑपरेशन पोलो’ असे नाव दिले होते. परंतु सरकारी निवेदनांतून आणि त्यांच्यामागोमाग वृत्तपत्रांतून ती लोकांपुढे आली ती ‘पोलीस ॲक्शन’ किंवा ‘पोलीस कारवाई’ म्हणून.

या नावामागे कायद्याचा विचार होता. युद्ध दोन सार्वभौम सत्तांमध्ये होते, त्यामुळे ‘युद्ध’ म्हणणे म्हणजे हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र असल्याचे मान्य करणे ठरले असते. आणि निजाम सरकारने तर ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार कोणत्याही देशाच्या अंतर्गत कारभारात या संघटनेला हस्तक्षेप करता येत नाही. पोलिसांचे काम घरच्या कायदा-सुव्यवस्थेचे असते, म्हणून कासिम रझवी यांच्या रझाकारांचा, म्हणजे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनच्या सशस्त्र स्वयंसेवकांचा, बंदोबस्त करण्यासाठी उचललेले पाऊल हे अंतर्गत प्रकरण आहे, ही भूमिका या दोन शब्दांत नेमकी मावत होती.

असा प्रयोग करणारा भारत एकटा नव्हता. इंडोनेशियातील 1947 आणि 1948 च्या लष्करी मोहिमांना डच सरकारनेही हेच नाव दिले होते, आणि जून 1950 मध्ये कोरियातील लढाईला संयुक्त राष्ट्रांची पोलीस कारवाई म्हणता येईल का, असे एका वार्ताहराने विचारताच अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी होकार दिला. तेथे शब्द वार्ताहराकडून सत्तेकडे गेला, तर हैदराबादेत तो सत्तेकडून वार्ताहरांकडे आला. संस्थानातील स्वतंत्र लेखणी तेव्हा दडपली गेली होती, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे: आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर निजाम सरकारने बंदी घातली होती, आणि भारतात विलीन होण्याचा पुरस्कार करणारे उर्दू दैनिक ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबाद शहरात हत्या झाली होती.

मात्र हा शब्द सत्याला पुरा पडत नव्हता. पोलीस कारवाई झाली असे सांगितले गेले, पण संस्थानाचा कारभार मेजर जनरल चौधरी यांच्याकडे ‘लष्करी गव्हर्नर’ म्हणून सोपवला गेला. वृत्तपत्री भाषेत पाच दिवसांत संपलेल्या या कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांवर भीषण हल्ले झाले. त्यांची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27,000 ते 40,000 असा दिला, आणि तिचा अहवाल त्या काळी प्रसिद्ध करण्यात आला नाही. म्हणूनच बोलीत या शब्दाचा अर्थ छापील अर्थाहून कितीतरी रुंदावला. मराठवाड्यातील अनेक घरांत ‘पोलीस ॲक्शन’ म्हणजे रझाकारांच्या जाचातून झालेली सुटका, तर हैदराबादच्या अनेक मुसलमान कुटुंबांत त्याच शब्दात त्यानंतरची पळापळ आणि मृत्यूही येतात. आणि हे दोन्ही अर्थ खरे आहेत.

या शब्दावर आणखी एक आक्षेप घेता येतो आणि तो वजनदार आहे. कारवाई सरकार करते, त्यामुळे या नावात 1938 चा सत्याग्रह, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसचे आंदोलन आणि सरहद्दीवरील छावण्यांतून लढलेले कार्यकर्ते यांना जागाच उरत नाही. या लढ्यात स्वतः सहभागी झालेले आणि पुढे ‘मराठवाडा’चे संपादक झालेले अनंत भालेराव यांनी आपल्या ग्रंथाला ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ असे नाव दिले, आणि महाराष्ट्रात 17 सप्टेंबर हा दिवस ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ म्हणून पाळला जातो.