वाणी कशी येते?

पुणे-सोलापूर महामार्गावर माढा तालुक्यात टेंभुर्णी हे वर्दळीचे गाव आहे. तेथे एखाद्या घरी मूल जन्मास आले की, पहिल्या दिवसापासून त्याच्या कानांवर शब्द पडू लागतात. आई अंगाई गाते, आजी लाडाने बोलते, भावंडे हाका मारतात. त्यास कोणी व्याकरण शिकवीत नाही. तरीही चार वर्षांच्या आतच ते मराठीत भराभर प्रश्न विचारू लागते. हेच मूल सोलापूर शहरातील एखाद्या तेलुगुभाषक विणकराच्या घरी वाढले असते, तर तेलुगु बोलले असते. अक्कलकोटकडील कन्नड कुटुंबात वाढले असते, तर कन्नड बोलले असते. यावरून असे दिसते की, भाषा शिकण्याची शक्ती मनुष्य जन्मतःच घेऊन येतो. भाषा मात्र त्यास भोवतालच्या माणसांकडूनच मिळते.

दोन महिन्यांचे मूल गळ्यातून गोड ध्वनी काढते. सहा महिन्यांनंतर ते 'बाबाबा', 'मामामा' अशी अक्षरे घोळू लागते. वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द उमटतो आणि दुसरे वर्ष सरता सरता 'आई ये', 'दूध नको' अशी लहान वाक्ये होऊ लागतात. पुढे केव्हातरी ते म्हणते, 'मी काम करलं.' आपण हसतो. पण विचार करा, घरात 'करलं' असे कोणीच म्हणत नाही. मग हा शब्द त्याने आणला कोठून? 'धरलं', 'भरलं' हे शब्द ऐकून त्याने मनाशी एक नियम बांधला आणि तो 'कर' या धातूस लावला. मूल केवळ पोपटाप्रमाणे अनुकरण करीत नाही, तर ऐकलेल्या बोलण्यातून नियम शोधून काढते, हे त्याच्या या चुकीवरूनच कळते.

या बोलण्याचे प्रवेशद्वार म्हणजे कान. जन्मतः ऐकू न येणारे मूलही इतरांप्रमाणेच रडते, हसते आणि पहिले काही महिने गोड आवाजही काढते. त्यामुळे घरच्या मंडळींस शंका येत नाही. पुढे ते बोलेना, की 'याचे वडीलही उशिराच बोलले' असे म्हणून वाट पाहिली जाते. परंतु तीच वर्षे सर्वांत मोलाची असतात. बालपणी मेंदू जितक्या सहजतेने भाषा ग्रहण करतो, तितक्या सहजतेने पुढे करीत नाही. आपण ज्यास 'मुका' म्हणतो, त्याची जीभ आणि कंठ बहुधा निर्दोष असतात. शब्द त्याच्या कानी पोचलेलाच नसतो. म्हणून तो मुखी येत नाही.

ही उणीव लवकर ध्यानी आली, तर पुष्कळ करता येते. नवजात बालकाची श्रवणचाचणी आता काही मिनिटांत, त्यास कसलीही वेदना न होता करता येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्यपथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कार्यास वाहिलेली आहे. काहींस श्रवणयंत्राचा उपयोग होतो, काहींच्या कानावर शस्त्रक्रिया करतात. कित्येकजण हातांच्या खुणांनी बोलतात. ही खुणांची भाषा म्हणजे नुसते हातवारे नव्हेत. तिलाही स्वतःचे शब्द व व्याकरण आहे. कानाची वाट बंद असली, तरी मूल डोळ्यांच्या वाटेने भाषा मिळवू शकते. मात्र कोणती तरी भाषा त्यास वेळेवर मिळाली पाहिजे.

आलेली वाणी कधी कधी उतारवयात हरपते. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या रुग्णास इतरांचे बोलणे समजे. पण उत्तरादाखल त्याच्या तोंडून 'तां' एवढेच अक्षर निघे. मृत्यूनंतर पाहता त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा पुढील भाग बिघडलेला आढळला. १८७४ साली कार्ल व्हेर्निके या जर्मन वैद्याने याउलट प्रकार वर्णिला. त्या रुग्णांचे बोलणे ओघवते असे, पण त्यात अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांस नीट उमगत नसे. पक्षाघाताच्या झटक्याने आजही अनेकांवर असा प्रसंग ओढवतो. ज्यास साधे 'पाणी द्या' म्हणता येत नाही, असा एखादा वृद्ध पाठ असलेला अभंग मात्र सुरात म्हणू शकतो. अशा माणसाची बुद्धी नष्ट झाली, असे समजणे हा अन्याय होय. योग्य उपचार, सराव आणि घरच्यांचा धीर यांमुळे अनेकांची वाणी थोडीफार परत येते.

तेव्हा शेजारचे एखादे मूल हाकेला वळून पाहत नसेल, तर त्यास चिडवू नका. घरातील वडीलधाऱ्यांना ते सांगा. एखादे आजोबा शब्दासाठी अडखळत असतील, तर घाई न करता थांबा. आपणांस वाणी मिळाली, ती कोणीतरी आपल्याशी प्रेमाने बोलले म्हणून. ज्याची वाणी अडली आहे, त्याच्यासाठी क्षणभर थांबणे हीच त्या ऋणाची फेड होय.