रेडिओ-हेलिकॉप्टरची परिभाषा

कारखान्यात नवा गडी आला की मी त्याला पहिला शब्द शिकवी तो ‘बंद’. रेडिओवर उडणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरलाही माझा हाच नियम. तिथे तो शब्द ‘थ्रॉटल होल्ड’. ही कळ ओढली की मोटर थांबते. पाती मात्र काही क्षण फिरतच राहतात. त्यांनी बोट तुटू शकते, तेव्हा खेळणे म्हणून हसू नका.

‘कलेक्टिव्ह’ म्हणजे सर्व पात्यांचा कल एकदम बदलणे. त्याने यंत्र वर-खाली होते. ‘सायक्लिक’मध्ये हा कल प्रत्येक फेऱ्यात जागेप्रमाणे कमी-जास्त होतो, म्हणून यंत्र पुढे, मागे वा बाजूला झुकते. हे दोन्ही हुकूम फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारी तबकडी ती ‘स्वॉशप्लेट’. वरचा पंखा एकीकडे फिरला की धड उलट फिरू पाहते. त्याला आवरतो शेपटीचा पंखा. ‘रडर’ने नाक वळते, आणि ते भलतीकडे ढळू न देण्याचे काम ‘जायरो’चे.

नवशिका फसतो तो ‘नोज-इन’मध्ये. नाक आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते. म्हणून आरंभी शेपटी आपल्याकडे ठेवूनच, थोड्या उंचीवर, एका जागी तरंगत राहायचे. याला ‘हॉव्हर’ म्हणतात. तोल गेलाच, तर यंत्र वाचवत बसू नये, होल्ड ओढावा.