लाल देऊळ: बाहेरून चर्च, आतून सिनेगॉग

आज आपण नाशिकहून थेट पुण्याला जाणार आहोत, कॅम्पात. तिथे लाल विटांची एक इमारत आहे. नव्वद फुटी मनोरा, वर घड्याळ, टोकदार कमानी. बघताक्षणी कोणीही म्हणेल, हे चर्च. पुणेकर म्हणतात, लाल देऊळ. आणि प्रत्यक्षात ते आहे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग. नाव ‘ओहेल डेव्हिड’, डेव्हिडचा तंबू.

मग ते चर्चसारखं का दिसतं? पैसा होता डेव्हिड ससून यांचा. बगदाद सोडून मुंबईत आले आणि कापूस-अफूच्या व्यापारात गडगंज झाले. पुण्याचं ससून हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं. आराखडा काढला हेन्री विल्किन्स या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने. त्या काळात इंग्रजांना गॉथिक शैलीचं भारी वेड, तेच इथे उतरलं. काम चाललं १८६३ ते १८६७. ससून १८६४ मध्येच गेले, पूर्ण झालेली इमारत त्यांनी पाहिलीच नाही. त्यांची कबर याच आवारात आहे.

आता आमच्या भाषेत सांगतो. सिनेगॉगचा फ्रंटएंड कसाही चालतो, बाहेरून अमुकच आकार हवा असा धर्माचा नियम नाही. नियम आहेत ते आत. एक, जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला, पवित्र कपाट. त्यात हाताने लिहिलेल्या तोराच्या गुंडाळ्या. दोन, वाचनासाठी उंच चौथरा. बगदादी पद्धतीत तो दालनाच्या मध्यभागी. तीन, बायकांसाठी वर सज्जा. मूर्ती किंवा देवाचं चित्र कुठेच नाही.

आपले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे कोकणातले बेने इस्रायली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेलं त्यांचं सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखलं जातं. म्हणजे एक देऊळ, एक मशीद, आणि दोन्ही सिनेगॉग! नवीन गोष्टीला आपल्या ओळखीचं नाव द्यायची ही आपली जुनी सवय.

शेवटचा नियम सगळ्यात अवघड. परंपरेप्रमाणे सामूहिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर हजारो कुटुंबं इस्रायलला गेली. विटा पडल्या तर पुन्हा रचता येतात, पण ही दहा माणसं कुठून आणायची? म्हणून पुण्याला गेलात तर नुसता बाहेरून सेल्फी काढून फिरू नका. रीतसर परवानगी घ्या आणि आत जाऊन बघा.

भेटू पुढच्या भागात!