नंदादेवी: शिखराआधीची चढाई
उत्तराखंडातले नंदादेवी शिखर 7816 मीटर उंच आहे. त्याहून उंच कांचनजंगा नेपाळच्या सीमेवर असल्याने संपूर्णपणे भारतात असलेले सर्वोच्च शिखर हेच. गढवाल-कुमाऊँची ही कुलदेवता. पण गिर्यारोहकांना तिने खरे दमवले ते पायथ्याशी पोहोचेपर्यंत. शिखराभोवती उंच डोंगरांचे कडे आहे आणि त्याला एकच फट आहे, ऋषिगंगेची घळ. 1883 मध्ये गिर्यारोहक ग्रॅहॅम घळीतूनच परतला, तर दुसरा गिर्यारोहक लाँगस्टाफ याला 1905 मध्ये कड्यावरून आत नुसते डोकावता आले.

1934 मध्ये गिर्यारोहक एरिक शिप्टन आणि बिल टिलमन यांनी आंगथारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह ही घळ पार केली. थेट नदीत उतरणाऱ्या गुळगुळीत कातळांवर पाय रोवायला जेमतेम जागा, आणि त्याच वाटेने ओझी थोडी थोडी करत पुढे न्यायची. एवढ्या खटाटोपानंतर आत दिसली हिरवी कुरणे आणि माणसाला न बुजणारी जनावरे. त्या खेपेला शिखराचा प्रयत्न त्यांनी केलाच नाही.

दोन वर्षांनी ब्रिटिश-अमेरिकी मोहीम आली. शेवटच्या तळावरून मोहिमेतल्या ओडेलबरोबर चार्ल्स ह्यूस्टन निघणार होता, पण डब्यातले मांस बाधले आणि त्याला खाली उतरावे लागले. त्याच्या जागी टिलमन गेला. 29 ऑगस्ट 1936 रोजी दोघे माथ्यावर पोहोचले. 1950 मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसाने इतके उंच दुसरे शिखर गाठले नव्हते.

पुढचा इतिहास चमत्कारिक आहे. 1965 मध्ये चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी सीआयए आणि भारतीय गुप्तचर खात्याने प्लुटोनियमवर चालणारे यंत्र वर न्यायचे ठरवले. हवामान बिघडल्याने ते वाटेतच बांधून ठेवले. पुढच्या वर्षी पथक परतले तेव्हा यंत्र जागेवर नव्हते. ते अजून सापडलेले नाही.

1974 मध्ये परदेशी मोहिमांना हा भाग खुला झाला आणि माणसांचा वावर क्वचितच असलेल्या कुरणांत सरपणासाठी झुडपे तुटू लागली, कचरा साचू लागला. 1982 मध्ये हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि आतली वाट बंद झाली. 1988 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळ मानले. आता चढाई होते ती मुख्यतः 7434 मीटरच्या नंदादेवी पूर्व शिखरावर. ते 1939 मध्ये पोलिश गिर्यारोहकांनी सर केले होते, कड्याच्या बाहेरच्या बाजूने.